सात हिट पॉइंटचा फायटर: एका घरच्या नियमाचं प्रकरण

तिसऱ्या लेव्हलचा फायटर, आणि हिट पॉइंट (मरण्याआधी पात्र किती मार झेलू शकतं तो आकडा) सात. त्याच लेव्हलच्या थीफकडे तेरा. फायटरच्या खेळाडूची तक्रार सरळ आहे: पुढे उभं राहून मार खायचं काम माझं, आणि जीव मात्र चोराच्या निम्मा. अशी तक्रार आली की टेबलावर एक उत्तर तयारच असतं, "सगळ्यांना थोडे जास्त हिट पॉइंट देऊन टाकू." या प्रकरणात ते उत्तर चुकीचं आहे. का चुकीचं आहे हे कळायला आधी हिशोब मांडावा लागतो.

खेळ आहे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या कल्पित साहसांच्या खेळाचा १९८१ चा संच: टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेलं बेसिक आणि डेव्हिड कुक व स्टीव्ह मार्श यांचं एक्स्पर्ट. खेळाडूंच्या बोलीत बी-एक्स. पुढची टोळी उदाहरणासाठी रचलेली आहे. सगळ्यांचा अनुभव (ज्या पॉइंटांवर लेव्हल चढते ते) ४,३०० धरला आहे, म्हणजे लेव्हलमधला फरक केवळ वर्गांच्या वेगवेगळ्या तक्त्यांमुळे येतो (थीफ २,४०० ला तिसऱ्या लेव्हलवर जातो, फायटर ४,००० ला, मॅजिक-यूजरला ५,००० लागतात).

फायटर, लेव्हल ३, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) ११. फासे २, १, ४. एकूण ७.
थीफ, लेव्हल ३, कॉन्स्टिट्यूशन १३. फासे ४, २, ४, प्रत्येकी अधिक १. एकूण १३.
क्लेरिक (पुरोहित), लेव्हल ३, कॉन्स्टिट्यूशन ८. फासे ५, १, ३, प्रत्येकी उणे १. एकूण ७.
मॅजिक-यूजर, लेव्हल २, कॉन्स्टिट्यूशन १०. फासे ३, १. एकूण ४.
ड्वॉर्फ, लेव्हल २, कॉन्स्टिट्यूशन १४. फासे ६, ७, प्रत्येकी अधिक १. एकूण १५.

क्लेरिकची बेरीज पुन्हा करून पाहा. फाशांची बेरीज ९, त्यातून ३ गेले की ६ उरतात, मग पत्रकावर ७ कसे? कारण नियम प्रत्येक फाशाला वेगळा लागतो आणि दंड धरूनही एका फाशाचा किमान एक हिट पॉइंट मिळतोच. ५ चे ४ झाले, १ चा शून्य न होता १ राहिला, ३ चे २. दंड शेवटी एकगठ्ठा वजा करणं ही या हिशोबातली सर्वांत जास्त आढळणारी चूक. या क्लेरिकच्या तीन फाशांची खरी सरासरी ८ आहे. एकगठ्ठा वजाबाकीत ती ७.५ होते. अर्ध्या पॉइंटचा फरक किरकोळ वाटेल, पण शून्यावर मृत्यू असलेल्या खेळात ६ आणि ७ यांत बरंच अंतर असतं.

बाकीचे मूळ नियम थोडक्यात. फायटर आणि ड्वॉर्फ डी८, म्हणजे आठ बाजूंचा फासा. क्लेरिक, एल्फ, हाफलिंग डी६. थीफ आणि मॅजिक-यूजर डी४. दर लेव्हलला एक फासा टाकायचा आणि आधीच्या बेरजेत मिळवायचा. कॉन्स्टिट्यूशन ३ ला उणे ३, ४-५ ला उणे २, ६-८ ला उणे १, ९-१२ ला काही नाही, १३-१५ ला अधिक १, १६-१७ ला अधिक २, १८ ला अधिक ३. नवव्या लेव्हलनंतर फासे बंद, पुढे ठरावीक पॉइंट (फायटर २, ड्वॉर्फ ३, क्लेरिक १), आणि त्यांवर कॉन्स्टिट्यूशनचा फरक लागत नाही. शून्य झाले की पात्र मेलं. पूर्ण दिवस विश्रांती घेतली तर १डी३, म्हणजे १ ते ३, परत.

तक्रार नेमकी कशाची?

हिट पॉइंटबद्दलच्या तक्रारी दोन जातींच्या असतात, आणि इथेच बहुतेक टेबलं घोटाळा करतात. एक तक्रार सरासरीची: सगळेच फार लवकर मरतात. दुसरी विखुरण्याची: एकाच वर्गाची दोन पात्रं शेजारी ठेवली तर एक दगड, दुसरं काच. पहिलीचं औषध दुसरीला दिलं तर सगळे फुगतात आणि काच तुलनेनं काचच राहते.

इथे तीन डी८ ची सरासरी १३.५ आहे. सात किंवा त्याहून कमी येण्याचे ५१२ पैकी ३५ प्रकार, म्हणजे ६.८ टक्के. साधारण पंधरा फायटरांमागे एक. हा अपघात नव्हे, नियमाचा रोजचा माल आहे. मुद्दा असा की पहिल्या लेव्हलचा २ आणि दुसऱ्याचा १ हे कायमचे बेरजेत बसले. पुढे कितीही लेव्हल चढा, ते दोन फासे परत कधी हातात येत नाहीत.

आता तक्रारीतला अर्धा भाग खोडून काढू, कारण तो खोटा आहे. फायटर प्लेट मेल आणि ढाल घेऊन आर्मर क्लास (चिलखताचा आकडा, जितका कमी तितका चांगला) २ वर आहे. एका हिट डाइसच्या (हिट पॉइंटसाठी एकच फासा असलेल्या) ऑर्क राक्षसाचा वार त्याला लागायला वीस बाजूंच्या फाशावर १७ हवेत, म्हणजे २० टक्के. लेदर घातलेला थीफ डेक्स्टेरिटीच्या (चपळाईच्या) फायद्याविना ७ वर. त्याला १२ पुरतात, म्हणजे ४५ टक्के. ऑर्कचा मार डी६, सरासरी ३.५. म्हणजे दर हल्ल्याला फायटर सरासरी ०.७ गमावतो आणि थीफ १.५७५. सात पॉइंट सरासरीनं दहा हल्ले पुरतात. तेरा पॉइंट सव्वाआठ. समोरासमोरच्या लढाईत सात पॉइंटवालाच जास्त टिकतो. चिलखताच्या पैशाचा तो परतावा आहे आणि हिट पॉइंट मोजताना तो कुणी मोजत नाही.

पण चिलखत जिथे कामाला येत नाही तिथे तक्रार सोळा आणे खरी. वीस फूट खोल खड्ड्यात पडलं की २डी६. फायटर मरायला सात लागतात: ३६ पैकी २१ प्रकार, ५८ टक्के. थीफ त्या खड्ड्यात मरूच शकत नाही, कारण दोन फाशांवर बारापेक्षा जास्त येत नाही. फायरबॉल, ड्रॅगनचा श्वास, खड्डे, छतावरून पडणारे दगड: पाचव्या-सहाव्या लेव्हलच्या अंधारकोठड्या यांनीच भरलेल्या असतात आणि टोळी आता तिकडे निघाली आहे. तेव्हा रोग विखुरण्याचा आहे, आणि औषध असं हवं की सरासरी जवळपास जागेवर राहील.

टेबलावर आलेले पर्याय

पहिला: पहिल्या लेव्हलला फाशाचा कमाल आकडा. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हा अधिकृत नियम झाला, म्हणून सगळ्यांना तोंडपाठ असतो. नवीन पात्रांवर त्याचा परिणाम फार मोठा आहे. मूळ नियमात पहिल्या लेव्हलचा फायटर डी६ च्या एका फटक्यात मरण्याची शक्यता ४३.७५ टक्के, क्लेरिकची ५८.३, मॅजिक-यूजरची ७५. कमाल आकडा दिला तर हेच शून्य, १६.७ आणि ५० होतात. फायटर एका फटक्यात मरूच शकत नाही, ही गोष्ट खेळाची चव बदलते: पहिल्या लेव्हलची भीती जाते आणि ती गेली की माघार घेणं, वाटाघाट करणं, दार न उघडणं हेही जातं. आमच्या मते ही किंमत जास्त आहे, पण काही टेबलांना ती परवडते. या प्रकरणापुरतं पाहिलं तर फायटर २ ऐवजी ८ नं सुरू होऊन १३ वर येतो. ठीक. मात्र ड्वॉर्फचा पहिला फासाही कमालीवर न्यावा लागतो, आणि दुसऱ्या लेव्हलचा तो १ तसाच राहतो.

दुसरा: १ आणि २ आले तर परत टाका, दर लेव्हलला. यातली गोम पटकन दिसत नाही. तीन किंवा वर येईपर्यंत टाकत राहिलं तर डी८ ची सरासरी ४.५ वरून ५.५, डी६ ची ३.५ वरून ४.५, डी४ ची २.५ वरून ३.५. फासा कुठलाही असो, वाढ बरोबर एक. फायटरला २२ टक्के फायदा, मॅजिक-यूजरला ४० टक्के. म्हणजे फायटरची तक्रार ऐकून आपण मदत करतो ती मॅजिक-यूजरला आणि त्याच थीफला! डी४ वर तर फक्त ३ आणि ४ उरतात. तो फासा राहतच नाही, नाणं होतं. मोल्डव्हेच्या पुस्तकात ही सवलत आहे, पण फक्त पहिल्या लेव्हलला आणि डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) मर्जीनं. तेवढ्यापुरती ती उत्तम आहे: मॅजिक-यूजरचा एका फटक्यातला मृत्यू ७५ वरून ५८.३ टक्क्यांवर येतो, फायटरचा २७.८ वर, आणि भीती जागेवर राहते.

तिसरा: ठरावीक सरासरी, डी८ ला ५, डी६ ला ४, डी४ ला ३. विखुरणं पूर्ण संपतं, दर फाशाला अर्धा पॉइंट वाढतो. मग फरक करणारी एकच गोष्ट उरते, कॉन्स्टिट्यूशन, आणि पात्र बनवताना पडलेला तो एक आकडा शेवटपर्यंत राज्य करतो. शिवाय लेव्हल चढल्याचा क्षण कोरडा होतो.

चौथा: सुरुवातीलाच कॉन्स्टिट्यूशनचा पूर्ण आकडा हिट पॉइंट म्हणून द्यायचा. हा पर्याय चर्चेतच बाद व्हावा. बी-एक्समधली प्रत्येक गोष्ट डी६ च्या मापानं कापलेली आहे: मॅजिक मिसाइल या मंत्राचा मार १डी६+१, क्युअर लाइट वूंड्स या मंत्रानं भरून येणारं तेवढंच, विश्रांती १डी३. मॅजिक-यूजर चार ऐवजी चौदावर गेला तर पूर्ण बरं व्हायला दोन ऐवजी सात दिवस लागतात, क्लेरिकचा मंत्र चिमूटभर वाटतो, आणि स्लीप हा झोपवणारा मंत्र मात्र हिट पॉइंट नव्हे तर २डी८ हिट डाइस मोजत असल्यानं जसाच्या तसा तगडा राहतो. "मग राक्षसांनाही वाढवा" असं कुणी म्हटलं तर त्याला ड्रॅगन दाखवावा. ड्रॅगनच्या श्वासाचा मार म्हणजे त्याचे शिल्लक हिट पॉइंट. दहा हिट डाइसचा लाल ड्रॅगन सरासरी ४५ वर असतो. कमाल दिली की श्वास ८० चा. नवव्या लेव्हलच्या फायटरची सरासरी ४०.५ आहे, म्हणजे सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) जमला आणि मार निम्मा झाला तरी तो जेमतेम अर्ध्या पॉइंटवर उभा.

अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्समधून फायटरचा डी१० उचलावा अशीही सूचना येते. १९७८ च्या त्या पुस्तकात क्लेरिकचा डी८ आणि थीफचा डी६ आहे. मॅजिक-यूजर सोडला तर मापच एक पायरी वर आहे. एकच फासा उचलला तर सांधा बसत नाही.

पाचवा पर्याय सगळ्यांत जुना दिसतो. १९७४ च्या मूळ खेळात सगळ्यांचे हिट डाइस डी६ होते आणि तक्त्यात लेव्हलसमोर एकूण फाशांची संख्या छापलेली होती. तो तक्ता दोन प्रकारे वाचता येतो: दर लेव्हलला एक फासा मिळवा, किंवा दर लेव्हलला सगळे फासे नव्यानं टाका. दुसरं वाचन इथे कामाचं आहे.

ठरलेला नियम

लेव्हल चढली की त्या लेव्हलचे सगळे फासे नव्यानं टाकायचे. कॉन्स्टिट्यूशनचा फरक प्रत्येक फाशाला वेगळा लावायचा, किमान एकचा नियम धरून. नवी बेरीज जुन्या कमालीपेक्षा (पात्राच्या आधीच्या पूर्ण हिट पॉइंटपेक्षा) जास्त आली तर ती घ्यायची. नाही आली तर जुनी अधिक एक. बस.

याचा परिणाम दोन्ही टोकांवर दिसतो. सात पॉइंटचा फायटर चौथ्या लेव्हलला ४डी८ टाकतो. त्यात सात किंवा कमी येण्याची शक्यता ०.८५ टक्के. जुनं दुर्दैव जवळपास पुसलं जातं. उलट पंधरावर बसलेला ड्वॉर्फ ३डी८+३ टाकतो तेव्हा पंधराच्या वर न जाण्याची शक्यता ४०.६ टक्के, थीफची ४१.४. नशीबवानांना फक्त एक पॉइंट मिळतो आणि बाकीचे त्यांना गाठतात. कुणाचं काही काढून न घेता.

बेरीज खाली येत नसल्यानं सरासरी किंचित चढते. किती? फायटरच्या दुसऱ्या लेव्हलला नऊच्या जागी ९.४१. एवढ्यासाठी दुसरं काही हलवायची गरज नाही.

एक प्रश्न उरतो: लागू कधी करायचं? "पुढच्या लेव्हलपासून" हे न्याय्य वाटतं, पण आकडे पाहा. ड्वॉर्फला तिसरी लेव्हल १०० पॉइंटवर आहे, थीफला चौथी ५०० वर, फायटरला मात्र ३,७००. ज्याची तक्रार, तोच शेवटी. म्हणून एकदाच, सगळ्यांसमोर, प्रत्येकाला निवड: आहे ते ठेवा, किंवा सगळे फासे आत्ता टाका आणि जे येईल ते पत्करा. या एका खेपेला जुन्या आकड्याचं संरक्षण नाही. संरक्षण दिलं तर प्रत्येक जण टाकेल आणि सगळ्यांना फुकट वाढ मिळेल.

फासे हातात घेण्याआधी शक्यता सांगून टाकाव्यात. फायटरला सुधारण्याची संधी ९३.२ टक्के. मॅजिक-यूजरला ६२.५, आणि घसरण्याची १८.७५. क्लेरिकला सुधारण्याची ५५.६ आणि घसरण्याची २९.२; इथे खेळाडू खरोखर विचारात पडतो. थीफला ६.२५ आणि ड्वॉर्फला ९.४ टक्के, म्हणजे दोघंही हात लावणार नाहीत.

समजा फायटरला ३, ६, ५ पडले: १४. क्लेरिकला २, ६, ४, त्याचे १, ५, ३: एकूण ९. मॅजिक-यूजरनं १ आणि २ टाकले: चारावरून तीन. इथे डीएमचं मन विरघळतं. विरघळू देऊ नये. एकाला माफी दिली की निवडीला अर्थ उरत नाही आणि न टाकणाऱ्या थीफवर अन्याय होतो.

नव्या पहिल्या लेव्हलच्या पात्रांसाठी मोल्डव्हेची १-२ ची सवलत, तीन किंवा वर येईपर्यंत. भाडोत्री साथीदारांनाही हेच नियम, नाहीतर हिशोबाच्या दोन वह्या ठेवाव्या लागतात.

कुठे फसतं

जखमी पात्राची लेव्हल चढली तर? कमाल सात, शिल्लक चार, आणि नवी कमाल चौदा. शिल्लक चारच ठेवणारेही असतात आणि थेट चौदा करणारेही. सोपा मार्ग: पत्रकावर शिल्लक न लिहिता लागलेला मार लिहायचा. मार तीन होता, तीनच राहिला; चौदातून तीन गेले, अकरा. कमाल बदलली तरी त्या रकान्याला हात लावावा लागत नाही.

कॉन्स्टिट्यूशन दोनदा मोजलं जातं. नवी बेरीज कमी पडली की काही खेळाडू जुनी अधिक एक अधिक कॉन्स्टिट्यूशनचा फायदा असं लिहितात. जुन्या बेरजेत तो फायदा आधीच आहे. फक्त एक मिळवायचा. कॉन्स्टिट्यूशन १८ वाला यावर वाद घालणार, कारण मूळ नियमात त्याला दर लेव्हलला किमान चार मिळायचे. त्याला ४डी८+१२ ची सरासरी ३० दाखवावी.

जुन्या कमालीऐवजी शिल्लक पॉइंटशी तुलना करणं ही आणखी एक नेहमीची चूक. तसं केलं तर जखमी असताना लेव्हल चढणं तोट्याचं ठरतं.

दहाव्या लेव्हलला सवयीनं सगळे फासे परत टाकले जातात. टाकायचे नाहीत. नवव्या लेव्हलची कमाल गोठते आणि पुढे छापील पॉइंट मिळत जातात. तोवर गरजही संपलेली असते: एका डी८ चं प्रमाण विचलन सरासरीच्या ५१ टक्के असतं, तीनचं २९, नऊचं १७.

आणि वाइट हा मेलेल्यांतून उठलेला राक्षस. त्याचा एक फटका बसला की एक लेव्हल जाते. मूळ पद्धतीत शेवटचा फासा वजा करतात, पण सगळे फासे नव्यानं टाकलेल्या पात्राचा शेवटचा फासा कुठला? यासाठी पत्रकावर एक रकाना वाढवायचा: प्रत्येक लेव्हलला ठरलेली कमाल. तिसरी १४, चौथी १९. वाइटनं चौथी नेली की कमाल परत १४, मार जेवढा लागलेला तेवढाच. पुढे चौथी परत कमावली तर १९ आपोआप मिळत नाहीत. चारही फासे पुन्हा टाकायचे आणि तुलना चौदाशी करायची.